सोलापूरहून लांबच्या प्रवासासाठी मोटरसायकल : तीन लाखांत कोणती घ्यावी?

जुळे सोलापूरकर (प्रश्न)

नमस्कार. माझे वय एक्केचाळीस, उंची पाच फूट चार इंच. गेली बारा वर्षे मी एकच १५० सीसीची गाडी वापरत आहे आणि जुळे सोलापूर ते चिंचोळी एमआयडीसी ही रोजची ये-जा यापुढेही तिच्यावरच होईल. नवी गाडी केवळ प्रवासासाठी हवी आहे. म्हणून मायलेजचा किंवा गावातल्या गर्दीचा विचार मी फारसा करत नाही.

गेल्या दिवाळीत याच जुन्या गाडीवर विजयपूरमार्गे बदामी, पट्टदकल आणि ऐहोळे असा प्रवास केला. विजयपूर ओलांडल्यानंतर हँडलच्या थरथरीने दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, आणि परतीच्या दिवशी तर पत्नीने बागलकोटला चहा पिताना, ती पुढचा प्रवास एसटीने करेल, असे शांतपणे सांगितले. तसे झाले नाही, परंतु गाडी बदलायची हे त्याच दिवशी ठरले.

माझे प्रवास साधारण असे असतात. महिन्यातून एक-दोन रविवारी नळदुर्ग, कुडल संगम, विजयपूर किंवा नान्नजच्या बाजूला जाऊन संध्याकाळपर्यंत परत. वर्षातून दोन-तीन वेळा चार-पाच दिवसांचा दौरा, त्यात हंपी आणि आंबा घाटातून कोकण ही दोन ठिकाणे नक्की आहेत. लांबच्या दौऱ्यात बहुतेक वेळा पत्नी मागे असते. मी वेगाने चालवणारा माणूस नाही; ताशी ७५-८० च्या पुढे मला स्वतःलाच बरे वाटत नाही. दोन वर्षांनी लडाखला जावे असेही मनात आहे, पण ते अजून मनातच आहे.

एकूण तीन लाख रुपये बाजूला काढले आहेत. त्यात गाडी, नोंदणी, विमा, हेल्मेट, जॅकेट, सामानाच्या बॅगा असे सर्व बसायला हवे, कारण कर्ज काढायचे नाही. एका शोरूममध्ये मला पाच मिनिटांत सांगण्यात आले की टूरिंग करायचे तर ४०० सीसीच्या खाली पाहूच नका. दुसऱ्या ठिकाणी मी उंच ॲडव्हेंचर गाडीवर बसलो आणि दोन्ही पायांचे फक्त चवडे जमिनीला टेकले. त्यानंतर गोंधळ वाढलाच. वीस अश्वशक्तीची ३५० सीसी गाडी दोघांना आणि सामानाला पुरेल का, की थोडे थांबून मोठी घ्यावी, आणि वापरलेली गाडी घेण्यात कितपत शहाणपण आहे, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

एनएच ५२

तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुमच्याच एका वाक्यात आहे : ७५-८० च्या पुढे बरे वाटत नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरवलेली मर्यादाही चौपदरी रस्त्यावर मोटरसायकलसाठी ताशी ८० आणि गावांतून ६० अशीच आहे. सोलापूरहून निघणारे आपले मुख्य रस्ते, म्हणजे पुणे-हैदराबाद रस्ता, विजयपूरचा रस्ता आणि तुळजापूरवरून बीडकडे जाणारा रस्ता, बहुतांशी सपाट आणि सरळ आहेत. अशा रस्त्यावर सहा-सात तास एका लयीत ८० ने जाणे हे खरे काम आहे, आणि त्या कामाला चाळीस अश्वशक्तीपेक्षा बसायची जागा, वाऱ्याचा मारा आणि इंजिनाची थरथर या तीन गोष्टी कितीतरी जास्त महत्त्वाच्या ठरतात.

माझ्याकडे २०२१ पासून रॉयल एनफिल्डची मीटिअर ३५० आहे आणि तिचे ३८ हजार किलोमीटर झाले आहेत. त्यामुळे माझे मत थोडे पक्षपाती धरावे. हे इंजिन ३४९ सीसीचे, ताकद वीस अश्वशक्तीच्या किंचित वर, पण टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, २७ न्यूटन मीटर आणि तोही मिनिटाला ४००० फेऱ्यांनाच मिळतो. १५० सीसीच्या गाडीत हा आकडा साधारण याच्या निम्मा असतो आणि तो मिळवायला इंजिन खूप जास्त फिरवावे लागते. तुमच्या बोटांना मुंग्या आल्या त्याचे कारण बरेचसे हेच : ८० च्या वेगाला तुमचे छोटे इंजिन जवळजवळ धापा टाकत असते, तर मीटिअर पाचव्या गिअरमध्ये चार हजारांच्या आसपास फेऱ्यांवर संथपणे चालत राहते. या इंजिनात थरथर मारण्यासाठी बॅलन्सर शाफ्टही आहे, जो जुन्या बुलेटमध्ये नव्हता. त्यामुळे जुन्या बुलेटवरून या गाडीचे मत बनवू नये.

आता पैशाचे पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे गणित बदलले आहे. ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरील कर २८ वरून १८ टक्के झाला, तर त्यावरच्या गाड्यांवर पूर्वी उपकरासह ३१ टक्के होता तो ४० टक्के झाला. म्हणजे ३४९ सीसीची मीटिअर किंवा क्लासिक आणि ३४८ सीसीची होंडा सीबी ३५० ही एका बाजूला, तर ३७३ सीसीची बजाज डॉमिनार ४०० आणि ४५२ सीसीची रॉयल एनफिल्डचीच नवी हिमालयन ही दुसऱ्या बाजूला पडतात. विम्यातही रेषा ३५० लाच आहे. नव्या दुचाकीला तृतीय पक्षाचा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार त्याचा हप्ता १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये आणि त्यावरील गाड्यांना १५,११७ रुपये, वर जीएसटी. शोरूममधले गृहस्थ ४०० च्या खाली पाहू नका म्हणाले, तेव्हा त्यांनी ही दोन वाक्ये सांगितली होती का?

माझा हिशेब असा आहे. मीटिअरची शोरूम किंमत दोन लाखांच्या आसपास, त्यावर कर, नोंदणी आणि विमा मिळून पंधरा ते वीस टक्के धरा. उरलेल्या रकमेत दोघांची हेल्मेटे, दोघांची जाळीदार जॅकेटे, हातमोजे, पावसाळी कपडे आणि बॅगा व्यवस्थित बसतात. बहुतेक लोक सगळे पैसे गाडीत घालतात आणि मग मागे बसणारीला हजार रुपयांचे हेल्मेट देतात, हे मला कधीच पटलेले नाही. सोलापूरच्या उन्हात जाळीचे जॅकेट घ्या. मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेला की जाड जॅकेट दुकानात जितके रुबाबदार दिसते तितकेच ते मोहोळला पोहोचेपर्यंत अंगावर नकोसे होते.

गाडीचे वजन १९१ किलो आहे, परंतु सीटची उंची फक्त ७६५ मिलिमीटर असल्याने तुमच्या उंचीला दोन्ही पाय पूर्ण टेकतील. पत्नी मागे, बॅगा बांधलेल्या आणि पेट्रोल पंपावर उतारावर थांबायचे आहे, अशा वेळी याची किंमत कळते. टाकी १५ लिटरची असून मला साधारण ३३ ते ३५ चे मायलेज मिळते. म्हणजे हंपीपर्यंतचा तीनशेच्या वरचा रस्ता एका टाकीत होतो, अर्थात तसा करायची काहीही गरज नसते.

उणिवाही सांगतो. ८० वरून १०० ला जायचे तर दोघे बसलेले असताना गाडी वेळ घेते. दुसरे, पाय पुढे ठेवण्याची बैठक असल्यामुळे खड्ड्याचा धक्का पायांनी झेलता येत नाही आणि तो सरळ कण्यात जातो. पुण्याच्या रस्त्याला हे जाणवत नाही, सांगोला-नागज बाजूच्या गावरस्त्याला लागलात की जाणवते.

लडाखबद्दल माझे मत स्पष्ट आहे : वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी दहा दिवसांसाठी गाडी निवडू नये. समुद्रसपाटीपासून प्रत्येक हजार मीटरला इंजिनाची ताकद साधारण दहा टक्क्यांनी घटते. त्यामुळे पाच हजार मीटरच्या खिंडीत वीस अश्वशक्तीचे दहा-अकराच राहतात हे खरे, परंतु ३५० सीसीच्या गाड्या तिथे वर्षानुवर्षे जातच आहेत. स्वतःचीच गाडी न्यायची असेल तर कर्नाटक एक्सप्रेस सोलापूरहून थेट दिल्लीला जाते, पार्सल कार्यालयात चौकशी करा. टाकी रिकामी करून आणि गाडी नीट बांधून द्यावी लागते. नाहीतर मनालीला भाड्याने घ्या.

बार्शी रोड

वर काकांनी जे लिहिले आहे त्यातले पैशाचे गणित मला मान्य आहे, पण कण्याबद्दलचे जे दोन ओळींत आटोपले त्यावर मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण माझ्या मते टूरिंगची गाडी तिथेच ठरते.

माझी उंची पाच फूट तीन इंच आहे आणि मी तीन वर्षांपासून सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स चालवते. २४९ सीसी, साडेसव्वीस अश्वशक्ती, वजन १६७ किलो, आणि सीटची उंची ८३५ मिलिमीटर. हा शेवटचा आकडा वाचून लोक मला विचारतात की तुझे पाय टेकतात का. दोन्ही टेकत नाहीत. मी एका बाजूला थोडी सरकून एकच पाय पूर्ण टेकवते, दुसरा ब्रेकवर असतो. पहिले पंधरा दिवस सात रस्त्याच्या सिग्नलला धडधड होत असे, नंतर सवय झाली. १९१ किलोची बुटकी गाडी आणि १६७ किलोची उंच गाडी यांत कोणती सांभाळायला सोपी, याचे उत्तर केवळ सीटच्या उंचीवरून देता येत नाही.

पाय शरीराच्या बरोबर खाली असले की खड्डा दिसताच किंचित उठून धक्का मांड्यांवर घेता येतो. पाय पुढे पसरलेल्या क्रूझरवर ते शक्य नसते. तिथे तुम्ही खुर्चीत बसल्यासारखे बसलेले असता आणि संपूर्ण भार माकडहाडावर असतो. तासाभराच्या चाचणीत क्रूझरच जास्त आरामदायी वाटते, हीच तर गंमत आहे. फरक तिसऱ्या-चौथ्या तासाला कळतो. शिवाय माझ्या गाडीचे पुढचे चाक १९ इंची असल्याने आणि सस्पेन्शनला जास्त वाव असल्याने वाईट रस्ता ती सहज पचवते. मी नान्नजच्या अभयारण्याकडे आणि बार्शी-वैराग भागातल्या आडवाटांनी बरीच फिरते, तिथे हे रोज उपयोगी पडते.

पावसाळ्यात आपल्याकडच्या काळ्या मातीचा विचार कोणी करत नाही. चाकाला लागून बसणारा बुटका मडगार्ड असेल तर शेतरस्त्यावरचा चिखल त्यात भरतो, आवळला जातो, आणि पाचशे मीटरमध्ये पुढचे चाक फिरायचे थांबते. मंगळवेढ्याच्या एका शेतात मी ते एका मित्राच्या क्रूझरबाबत पाहिले आहे. शेवटी ज्वारीच्या धाटाने चिखल उकरून काढावा लागला. तुम्ही अशा रस्त्यांवर जात नसाल तर हा मुद्दा सोडून द्या, पण कुडल संगमाला पावसाळ्यात जायची सवय असेल तर सोडू नका.

मात्र एका गोष्टीत माझी गाडी तुम्हाला अडचणीची ठरू शकते आणि ते लपवणे बरोबर नाही. वहिनी मागे बसल्यावर चवड्यांवर १६७ किलो अधिक दोन माणसे अधिक सामान तोलणे ही वेगळी परीक्षा आहे. मी बहुतेक एकटी फिरते, म्हणून माझे निभावते. तुम्ही दोघे मिळून तुळजापूरच्या घाटात चढावर एकदा थांबून पाहा आणि पुन्हा निघून पाहा. त्या अर्ध्या मिनिटात जे कळेल ते आमच्यापैकी कोणीही लिहून सांगू शकणार नाही. आणि चाचणीला वहिनींना सोबत न्याच, कारण मागची सीट चालवणाऱ्याला कधीच समजत नाही.

साखरपट्टा

मी डॉमिनार ४०० वाला आहे, त्यामुळे विरोधी बाजू मांडणे भाग आहे. मर्यादा ८० ची आहे हे मान्य, पण ८० पर्यंत किती लवकर पोहोचता हाही प्रश्न असतो. गळीत हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, आपल्या जिल्ह्यातल्या दुपदरी रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर चालतात. ताशी वीसने चाललेल्या त्या लांबलचक गाडीला ओलांडताना समोरच्या मार्गिकेत तुम्ही किती सेकंद राहता यावर बरेच काही अवलंबून असते, आणि तिथे ४० अश्वशक्ती व ३५ न्यूटन मीटर यांचा अर्थ वेगळा होतो. त्याचबरोबर चांगला हेडलाइट हा मुद्दा अजून कोणी काढलेला नाही. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवाच काय, साधा रिफ्लेक्टरही नसतो. मी तर सूर्यास्तानंतर त्या रस्त्यांना जाणेच सोडले आहे.

तक्रार एकच. उन्हाळ्यात गावात थांबत-थांबत जाताना रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम हवा सरळ नडगीवर येते. वजन १९३ किलो, सीट ८०० मिलिमीटर. तुम्ही म्हणता तसे जर कधीच घाईत नसाल आणि ट्रॅक्टरमागे पाच मिनिटे संयमाने थांबत असाल, तर माझा मुद्दा तुम्हाला लागू नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

गॅरेजवाला

माझे गॅरेज अक्कलकोट रस्त्याला आहे आणि मी सर्व कंपन्यांच्या गाड्या उघडतो, त्यामुळे कोणत्याही एका कंपनीची बाजू घेण्याचे मला कारण नाही. वापरलेल्या गाडीविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो.

तुमच्या रकमेत वापरलेली हिमालयन ४११, म्हणजे हिमालयनची जुनी आवृत्ती, चांगली मिळू शकते. ती २०१६ ते २०२३ या काळात विकली गेली. सुरुवातीची कार्ब्युरेटरची गाडी घेऊ नका. शक्यतो २०२० नंतरची, बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांची) पाहा, कारण त्यात मागच्या चाकाचे एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) बंद करण्याची सोयही आली. सीट ८०० मिलिमीटर असल्याने तुमच्या उंचीला कशीबशी जमेल. पण वजन १९९ किलो आहे आणि चाके तारांची, ट्यूबची आहेत. ट्यूबलेस टायरला खिळा लागला तर पट्टी भरून दहा मिनिटांत निघता येते. ट्यूबच्या गाडीचे मागचे चाक काढून घ्यावे लागते आणि ते काम नळदुर्गच्या पुढे भर दुपारी, मागे माणूस उन्हात उभा असताना करणे सुखाचे नाही. दगडधोंड्यांत तारांचे चाक वाकून सावरते, अलॉय तडकते, हाही एक हिशेब आहे. परंतु तुमचे नव्वद टक्के फिरणे डांबरावर आहे, तुम्हाला ट्यूबलेसच बरे.

वापरलेली गाडी पाहताना मधल्या स्टँडवर चढवून पुढचे चाक अधांतरी करा आणि हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्यभागी खाचेत बसल्यासारखे अडकत असेल तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, गेलेला आहे. खराब रस्त्याला चाललेल्या ४११ मध्ये हे मी बरेचदा पाहतो. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून, म्हणजे दातेरी चाकावरून, बोटाने मागे ओढून पाहा, दाते उघडे पडले तर चेन-स्प्रॉकेटचा खर्च धरूनच भाव करा. इंजिन थंड असताना सुरू करून ऐका. मालकाने तुमच्या येण्याआधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.

आपल्या गावातल्या लोकांची एक खास फसगत होते, ती लक्षात ठेवा. सीमा जवळ असल्याने विजयपूरची केए २८ किंवा कलबुर्गीची केए ३२ पासिंगची गाडी दहा-पंधरा हजारांनी स्वस्त दिसते आणि लोक घेऊन येतात. ती इथे कायम ठेवायची तर तिकडचे ना हरकत प्रमाणपत्र आणून महाराष्ट्राचा कर नव्याने भरून एमएच १३ करून घ्यावी लागते. तिकडे भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी किती फेऱ्या होतात हे ज्यांनी मारल्या त्यांना विचारा. स्वस्ताई तिथेच संपते. गाडीवर कर्जाचा बोजा आहे का हे आरसीवर पाहा, आणि विमा चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या. मधल्या काळात काही झाले तर मोठी पंचाईत होते.

माझे स्वतःचे मत विचाराल तर पहिलीच टूरिंग गाडी असलेल्या, कर्ज नको असलेल्या आणि स्वतः पाना न धरणाऱ्या माणसाने नवी ३५० घ्यावी. गाडी कोणतीही घ्या, तिचे सर्व्हिस सेंटर सोलापुरात आहे का आणि क्लच केबल, ब्रेक पॅड, लिव्हर यांसारख्या साध्या वस्तू तिथे तयार असतात का, हे पैसे भरण्यापूर्वी स्वतः जाऊन विचारा. होंडाची हायनेस सीबी ३५० अनेकांच्या नजरेतून सुटते. वजन १८१ किलो, सीट ८०० मिलिमीटर, आणि पाय ना फार पुढे ना फार मागे. काकांचा आणि ताईंचा वाद ज्याला नको आहे त्याने ती एकदा चालवून पाहावी.

जुळे सोलापूरकर

सर्वांचे आभार. तीन आठवडे उशिराने लिहीत आहे, कारण मध्ये सांगितल्याप्रमाणे प्रत्यक्ष करून पाहिले.

व्ही-स्ट्रॉम मी आणि पत्नी दोघांनी तुळजापूरच्या घाटात नेऊन पाहिली. चालायला लागल्यावर ती गाडी मला सर्वांत जास्त आवडली, हे मान्य केलेच पाहिजे. उठून धक्का घेण्याबद्दल ताईंनी जे लिहिले ते पहिल्याच खराब पट्ट्यात पटले. पण चढावर थांबलो तेव्हा डावा पाय रस्त्याच्या कडेच्या खोलगट जागी गेला आणि गाडी कलली. पडलो नाही. पत्नीने खाली उतरून काहीही न बोलता हेल्मेट काढले, तेव्हा निर्णय झाला हे मला समजले.

त्यानंतर पुण्याला कामानिमित्त गेलो असताना एक मीटिअर दोन दिवस भाड्याने घेतली आणि पत्नीसह भिगवणपर्यंत जाऊन आलो. तीन तासांनी माकडहाड जाणवू लागले, हे ताईंचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले. मात्र दर साठ-सत्तर किलोमीटरला थांबायचे ठरवल्यावर त्रास सुसह्य झाला, आणि तसेही उजनीच्या काठी थांबायला कारणे पुष्कळ मिळतात. बोटांना मुंग्या अजिबात आल्या नाहीत. पत्नीला पाठ टेकायला जागा हवी असल्यामुळे मागे टेका आणि पुढे काच असलेला सुपरनोव्हा प्रकार घेण्याचे ठरवले आहे. सीबी ३५० शोरूममध्ये बसून पाहिली. बैठक चांगली वाटली, पण पाठीच्या टेक्यापुढे माझे काही चालले नाही. डॉमिनारची चाचणी घेतली नाही, कारण ट्रॅक्टरमागे मी खरोखरच थांबतो. गाडीचे सर्व मिळून झाल्यावर बेचाळीस हजार उरत आहेत. त्यातून दोघांची हेल्मेटे आणि जॅकेटे आधी घेतली, गाडी पुढच्या आठवड्यात मिळेल. आता एकच विचारायचे आहे : नवी गाडी हातात आल्याबरोबर महिनाअखेरीस हंपीला नेली तर चालेल का?

गॅरेजवाला

नेऊ नका. पहिली सर्व्हिस ५०० किलोमीटरला असते, ती होऊ द्या. तोवर इंजिन एकाच वेगात तासन्‌तास पळवू नका, गिअर आणि वेग बदलत चालवा, म्हणजे तुमचे दोन-तीन रविवार आपोआप कामी लागतील. सर्व्हिसनंतर लगेच लांब जाऊ नका. हंपीला न्यायचे सगळे सामान बांधा, दोघे बसा, आणि कुडल संगमापर्यंत जाऊन या. जड वस्तू बॅगांच्या तळाशी आणि सीटच्या जवळ ठेवा, शेपटीच्या कॅरियरवर नकोत. तिथे वजन गेले की पुढचे चाक हलके होऊन हँडल डोलते. दोघे असताना मागच्या टायरमध्ये हवा किती ठेवायची याचा वेगळा आकडा पुस्तिकेत दिलेला असतो, तो पाहून सकाळी टायर थंड असताना भरा. परत आल्यावर बॅगांचे पट्टे सायलेन्सरला कुठे टेकले, जळाले का, ते पाहा. बहुतेकांना ते विजयपूरच्या पुढे गेल्यावर कळते.